नागपूर : तीन वेळची राजधानी



आपल्या गावातून नागपूरला जाणारे पुष्कळ आहेत. कोणी दवाखान्यासाठी जाते, कोणी कामधंद्यासाठी, तर कोणी लग्नाच्या खरेदीसाठी. पण हे शहर राजधानी कसे झाले, हे थोड्यांनाच माहीत असते. दिवाळीच्या सुटीत मी मामाकडे दोन दिवस नागपूरला राहिलो. जे पाहिले व विचारून घेतले, ते येथे क्रमाने देत आहे.

जाण्याची वाट : माडगीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही तुमसर रोड स्टेशनवर गेलो. तेथून भंडारा रोड, कामठी अशी स्टेशने घेत गाडी नागपूरला पोचते.

१. गोंडांची राजधानी

नागपूर इंग्रजांनी किंवा भोसल्यांनी वसवले असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी सुमारे १७०२ साली नाग नदीच्या काठची बारा लहान खेडी एकत्र करून हे शहर वसवले. त्यांचा मुलगा चांद सुलतान याने देवगडहून राजधानी येथे आणली. त्याने शहराला तट बांधला, लोकांच्या पाण्यासाठी जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर तलाव. तटाचा जुम्मा दरवाजा महाल भागात अजून उभा आहे. त्याला आता गांधी दरवाजा म्हणतात. खालून गाड्या, रिक्षा जातात, वर पाहायला कोणी थांबत नाही.

आपल्या जिल्ह्यातील आंबागडचा किल्लाही बख्त बुलंद शाह यांच्याच सुभेदाराने बांधला असे सांगतात. म्हणजे ही राजधानी आपल्याला परकी नव्हती. आपल्या शाळेतील गोंड समाजाच्या मुलांनी तर हे अभिमानाने सांगावे.

२. भोसल्यांची राजधानी

१७३९ साली चांद सुलतान वारला व गादीवरून भांडणे लागली. राणी रतनकुंवर हिने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. पुढे १७४३ च्या सुमारास कारभारच रघूजींच्या हाती आला. त्यांचे राज्य एवढे वाढले की ओडिशातील कटकही नागपूरकरांच्या ताब्यात होते. आपला वैनगंगेकाठचा मुलूखही याच राज्यात होता.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीची टेकडी पाहिली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ला येथे आप्पासाहेब भोसले व इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले व त्यांनी टेकडीवर किल्ला बांधला. किल्ला लष्कराकडे असल्यामुळे आम्ही तो बाहेरूनच पाहिला. २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या दिवशी लोकांना आत सोडतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शेवटचे राजे तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. दत्तक मान्य न करता लॉर्ड डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात गेले. राणी बांकाबाईंनी विरोध केला, पण कोणी ऐकले नाही. मामा म्हणाला, "राजा गेला, पर गाव रायला."

३. प्रांताची राजधानी

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला व नागपूर पुन्हा राजधानी झाले. १८६३ साली सुरू झालेले अजब बंगला हे संग्रहालय त्या काळचेच. झिरो माईलचा दगडी खांबही इंग्रजांचा. त्याच्याजवळ चार घोडे आहेत व खांबावर दूरदूरच्या शहरांची अंतरे कोरलेली आहेत. स्वातंत्र्यानंतरही नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि राजधानीचा मान गेला. मात्र १९५३ च्या नागपूर करारात येथे दरवर्षी अधिवेशन भरवण्याचे ठरले होते. म्हणून आजही विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते व त्याला उपराजधानी म्हणतात.

राजधानी कशासाठी?

झिरो माईलजवळच गोवारी शहीद स्मारक आहे. गोवारी म्हणजे गुरे राखणारा आपल्याच भागातला समाज. आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या, ही मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ ला हजारो लोक अधिवेशनावर मोर्चाने गेले. तेथे चेंगराचेंगरी झाली व ११४ जण मेले. त्यात बायका व लेकरे फार होती. मी तेथे हात जोडले.

तेव्हा मला समजले की, राजधानी म्हणजे नुसता वाडा, किल्ला नव्हे. जेथे गावचा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन जातो व जेथे त्याचे ऐकून घेतले पाहिजे, ती राजधानी. राणी बांकाबाईंचे ऐकले नाही म्हणून राज्य गेले. मोर्चातल्या लोकांचे वेळेवर ऐकले असते, तर ती लेकरे घरी परत आली असती.

नागपूरला गेलात तर दुकाने जरूर पाहा, पण गांधी दरवाजाखाली क्षणभर थांबा व मान वर करा.

विचार करून वहीत लिहा :
(१) नागपूर कोणी व कोणत्या नदीकाठी वसवले?
(२) १८५४ साली राज्य खालसा का झाले?
(३) आपल्या गावचे एक गाऱ्हाणे राजधानीत मांडायचे असेल, तर तुम्ही कोणते मांडाल?