सगळ्यांनाच तीन सीसी नकोत गं

अगं, स्पायनल आता पहिल्या टोच्यातच जमते म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. पण औषध किती देतेस म्हटल्यावर "हेवी, तीन सीसी" म्हणून मोकळी झालीस. पेशंट कोण, ऑपरेशन कसलं, हे मी विचारायच्या आतच! म्हणून आज जरा सविस्तर बोलते. सुई सरकवायला हात सरावानं शिकतात. औषध निवडायला मात्र दर वेळी नव्यानं डोकं लावावं लागतं, आणि लिस्टच्या घाईत ते तुला कुणी बसून शिकवणार नाही.

औषध ठरवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचार. बधिरपणा किती वर हवा, किती वेळ हवा, आणि ऑपरेशननंतर या माणसाला काय करायचंय? पहिल्या दोन सगळेच विचारतात. तिसरी विसरतात, आणि पेशंटचे हाल होतात ते तिथेच.

मूळव्याधीचंच घे. काम वीस मिनिटांचं, जागा अगदी खालची. त्यासाठी तीन सीसी, म्हणजे पंधरा मिलिग्रॅम बुपिव्हाकेन दिलंस, तर पाय दोन-तीन तास जड राहणार, लघवी तुंबणार, रात्री वॉर्डातून कॅथेटरसाठी फोन येणार. हेवीच्या प्रत्येक सीसीत ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज असतं, म्हणून ते सीएसएफपेक्षा जड असतं आणि उताराकडे जातं. याचाच फायदा घे. एक-दीड सीसी दे आणि पेशंटला पाच-दहा मिनिटं बसवूनच ठेव. बैठकीपुरतं बधिर होतं, बीपी फारसं हलत नाही, पायही लवकर मोकळे होतात.

संध्याकाळी घरी जाणारा पेशंट असेल तर एक टक्क्याचं क्लोरोप्रोकेन मिळतं का बघ. चाळीस ते पन्नास मिलिग्रॅममध्ये साधारण चाळीस मिनिटांचं काम होतं, आणि पेशंट बुपिव्हाकेनपेक्षा कितीतरी आधी उठून चालायला लागतो. मात्र ते उतरतं तेही झपाट्यानं, म्हणून वेदनाशामक आधीच देऊन ठेव. आणि हो, काम किती वेळ चालणार हे सर्जनला विचार, पण विश्वास ओटीतल्या सिस्टरांच्या शब्दावर ठेव. कोणत्या सरांचं "वीस मिनिटांत उरकतो" प्रत्यक्षात किती वेळ चालतं, ते त्यांना पाठ असतं. सव्वा तास लागणार असेल तर क्लोरोप्रोकेनचा मोह नको.

"मग लिग्नोकेन का नाही? तेही कमीच वेळ टिकतं," असं विचारशील. एके काळी पाच टक्क्यांचं हेवी लिग्नोकेन सर्रास वापरायचे. १९९३ मध्ये असे पेशंट नोंदले गेले, ज्यांची भूल व्यवस्थित उतरली, पण दिवसभरात कुल्ले आणि मांड्या ठणकायला लागल्या. दुखणं काही दिवसांत आपोआप जातं, पण लिथोटॉमीत पाय वर बांधलेल्यांत ते जास्त दिसलं, आणि आपली छोटी कामं नेमकी त्याच पोझिशनमधली. म्हणून ते मागे पडलं.

सिझरचं गणित निराळं. इथे बधिरपणा थेट स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत, टी-फोरला हवा, कारण पोटाच्या आतलं आवरण ओढलं की ते खूप वरपर्यंत जाणवतं. तरी डोस मात्र कमी लागतो. गरोदरपणात एपिड्युरल शिरा फुगलेल्या असतात, सीएसएफला जागा कमी उरते, औषध वर चढतं. दोन ते सव्वादोन सीसी आणि सोबत दहा-पंधरा मायक्रोग्रॅम फेंटानिल पुरतं. बाई फारच बुटकी असेल तर आणखी जपून. उजव्या कुशीखाली उशी ठेव, फेनिलएफ्रिन भरलेलं असू दे. आणि ती "मळमळतंय" म्हणाली की मॉनिटरवर आकडा उमटायची वाट बघू नकोस, बीपी पडायला लागलंय असंच धर. स्पिरिटचा गार बोळा लावून पातळी दोन्ही बाजूंना तपासल्याशिवाय सर्जनला "करा सुरू" म्हणू नकोस. नंतर काय? तिला बाळाला जवळ घ्यायचंय, पाजायचंय. फेंटानिलमुळे बुपिव्हाकेन कमी लागतं, ते त्यासाठीही बरं.

मांडीचं हाड मोडलेल्या आजोबांना मोडक्या कुशीवर झोपा म्हणालीस तर ते किंचाळतील. हेवी त्या बाजूला न्यायचं तर तीच कूस खाली हवी. तिथे डेक्स्ट्रोज नसलेलं साधं बुपिव्हाकेन कामाला येतं. शरीराच्या तापमानाला ते सीएसएफपेक्षा किंचित हलकंच असतं, त्यामुळे मोडका पाय वर ठेवूनही काम होतं. डोस कमीच ठेव, त्या वयात हृदयाला बीपीचे हिसके सोसत नाहीत. पण ते वीस सीसीच्या व्हायलमधून ओढू नकोस. त्या व्हायलमध्ये बहुधा मिथाइलपॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, आणि ते पाठीत जाता कामा नये. पाठीत द्यायचं ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, एकदाच वापरायचं अँप्युल.

आता जे सांगते ते बाकी सगळं विसरलीस तरी विसरू नकोस. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका चुकीबद्दल इशारा दिला. बुपिव्हाकेनऐवजी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पाठीत गेल्याच्या घटना. तसंच पारदर्शक औषध, दिसायला सारखं अँप्युल, आणि सिझरच्या टेबलाजवळ रक्तस्रावासाठी ते हाताशी असतंच. पाठीत गेलं की झटके येतात, हृदयाची लय बिघडते, अशा पेशंटांपैकी जवळपास निम्मे दगावतात. म्हणून ट्रॅनेक्झॅमिकला स्पायनलच्या ट्रॉलीवर जागाच देऊ नकोस. अँप्युल फोडण्याआधी लेबल स्वतः मोठ्यानं वाच, सिस्टरांनाही वाचायला लाव. त्यांनी फोडून समोर धरलेल्या अँप्युलमधून न वाचता औषध ओढायचं नाही, ओटीत कितीही गडबड असो. कुणी हसलं तर हसू दे.

उद्याची लिस्ट हातात आली की प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं तीन गोष्टी लिही. किती वर, किती वेळ, नंतर काय. त्यावरून औषध आणि डोस ठरव आणि केस लागायच्या आधी सिनियरांना दाखव. ते बदलतील, कधी वैतागतीलही. बदललं तर का बदललं ते विचारून घे. आणि एखाद्या नावापुढे तुझ्या हातून सवयीनं "तीन सीसी" पडलं, तर ते याच पेशंटला का, हे एका वाक्यात सांगता येतंय का बघ. येत असेल तर खुशाल दे.