डासातील जीवाणू, जीवाणूतील विषाणू

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले कुंभकोणम् हे नगर देवळांसाठी आणि महामहम् उत्सवाच्या तीर्थासाठी प्रसिद्ध आहे. एके काळी ते हत्तीपायाच्या रोगासाठीही ओळखले जाई. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन (१९२५–२०२३) यांचा जन्म येथलाच. त्यांचे वडील, शल्यचिकित्सक डॉ. सांबशिवन, यांनी नगरवासीयांना हाताशी धरून डासांच्या पैदाशीची डबकी बुजविण्याची मोहीम चालविली होती.

हा रोग सुतासारख्या बारीक कृमींमुळे होतो. तो पसरविणारा क्यूलेक्स जातीचा डास गटारांतील व डबक्यांतील घाण पाण्यात अंडी घालतो. या डासाच्या पेशींत वोल्बॅकिया नावाचा जीवाणू वास करतो. हर्टिग आणि वोल्बाक या शास्त्रज्ञांनी तो १९२४ साली क्यूलेक्स डासातच प्रथम पाहिला. आईच्या अंड्यावाटे तो संततीत उतरतो. आणि या जीवाणूच्याही आत एक विषाणू असतो. १९७८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या बीजांडकोशातील वोल्बॅकियात विषाणूसारखे कण दिसले. या विषाणूला पुढे 'डब्ल्यूओ' हे नाव मिळाले.

जीवाणूंवर जगणाऱ्या अशा विषाणूंना जीवाणुभक्षक म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांची रचना ठरावीक असते: वीस त्रिकोणी पृष्ठांचे प्रथिनांचे डोके, त्यात घट्ट गुंडाळलेला डीएनए, आणि खाली पोकळ शेपूट. शेपटाचे टोक जीवाणूच्या कवचास चिकटते व डीएनए आत शिरतो. रिकामे डोके बाहेरच राहते. त्यानंतर दोन गोष्टी संभवतात. एक तर आत नवे विषाणू तयार होऊन जीवाणू फुटतो. नाही तर विषाणूचा डीएनए जीवाणूच्या डीएनएत जोडला जाऊन पिढ्यान् पिढ्या मुकाट राहतो. डब्ल्यूओ बहुधा या दुसऱ्या अवस्थेत आढळतो.

त्याची अडचण मात्र इतर जीवाणुभक्षकांहून वेगळी आहे. त्याचा यजमान स्वतःच प्राण्याच्या पेशीत राहतो. तेव्हा एका जीवाणूतून दुसऱ्यात जाताना त्याला प्राणिपेशीचाही अडसर ओलांडावा लागतो. २०१६ साली त्याच्या डीएनएत प्राण्यांच्या जनुकांशी साम्य असलेले मोठे भाग सापडले. त्यांतील एक तर विषारी कोळ्याच्या विषाच्या जनुकासारखा आहे! जीवाणूच्या विषाणूने प्राण्यांकडून जनुके उचलावीत, हे उत्क्रांतीचे विलक्षण उदाहरण होय.

या उसनवारीहूनही महत्त्वाचा शोध २०१७ सालचा. नर डासात वोल्बॅकियाचा एक वाण आणि मादीत न जुळणारा दुसरा असेल, तर अंडी उबत नाहीत. हा परिणाम घडविणारी जनुके वोल्बॅकियातील याच विषाणूच्या डीएनएत असल्याचे त्या वर्षी दिसून आले. म्हणजे डासाच्या वंशवाढीची एक किल्ली विषाणूपाशी होती.

ती किल्ली माणसाने मात्र आधीच वापरली होती. जर्मन शास्त्रज्ञ लाव्हेन यांनी ब्रह्मदेशातील रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यात असे न जुळणारे नर सोडले. काही आठवड्यांत तेथील क्यूलेक्स डास नाहीसे झाले. १९६७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हा जीवाणूचा यातील हात कोणास ठाऊक नव्हता. मग विषाणूचा कोठून असणार? नर चावत नाहीत, हा या उपायाचा मोठा गुण. पण सोडलेल्या नरांत जुळणाऱ्या वाणाची मादी चुकून मिसळली, तर तिची अंडी उबतात आणि पैदास पुन्हा सुरू होते. म्हणून नर व मादी यांची निवड फार काटेकोरपणे करावी लागते.