टाळकऱ्यांत शिरलं की कॉर्डलेस मुका का होतो?

प्रश्न : आमच्या गावच्या सप्ताहासाठी दोन कॉर्डलेस माइकचा जोड घेतला आहे. मंडप रिकामा असताना माइक पार शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ चालतो. कीर्तनाला माणसं जमली आणि चाल म्हणणारा गायक टाळकऱ्यांच्या रांगेत शिरला, की आवाज तुटतो, खरखर येते. एका संध्याकाळी तर शेजारच्या वस्तीवरच्या लग्नातला आवाज आमच्या भोंग्यातून येऊ लागला. नवे सेल टाकूनही माइक भर कीर्तनात बंद पडतो. साउंडवाला म्हणतो, लोकांना मोबाइल बंद करायला सांगा. दोष नक्की कशाचा? माइकचा, सेलचा की मोबाइलचा?
– एक वाचक, वरकुटे (ता. इंदापूर)

उत्तर : तुमच्या पत्रात चार तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत : माणसं जमल्यावर आवाज तुटणं, परका आवाज शिरणं, नव्या सेलवरही माइक बंद पडणं आणि मोबाइलवरचा संशय. चौघींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक सोडवू. आधी एक दिलासा. रिकाम्या मंडपात शेवटच्या खांबापर्यंत चालणारा माइक बिघडलेला नसतो. तो बदलायची घाई करू नका.

कॉर्डलेस माइकमध्ये घडतं ते असं. जाळीखाली एक पातळ पडदा असतो. आवाजाने तो हलतो आणि त्या हालचालीची वीज बनते. दांड्यातलं सर्किट ही वीज एका रेडिओलहरीवर चढवतं आणि शेपटाकडच्या अँटेनातून ती लहर बाहेर पडते. टेबलावरचा रिसीव्हर ती पकडतो, त्यातून आवाज वेगळा करतो आणि वायरीने अँप्लिफायरला देतो. म्हणजे तार गेली ती फक्त माइक आणि रिसीव्हर यांच्यामधली. तिची जागा जिने घेतली, ती लहर फार अशक्त असते. बारामतीची वसुंधरा वाहिनी तुम्ही ९०.४ मेगाहर्ट्झवर ऐकत असाल. अशा सामुदायिक रेडिओ केंद्राला साधारण १०० वॉटपर्यंत शक्तीची मुभा असते. हातातल्या माइकची शक्ती बहुधा १० ते ३० मिलिवॉट, म्हणजे १० मिलिवॉट धरली तर केंद्राच्या दहा हजारांश. एवढ्या शक्तीत मंडपभर पोचायचं, तर वाट मोकळी हवी.

गर्दीत नेमकी ही वाट अडते. बहुतेक चांगले कॉर्डलेस ५०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या धडाएवढी. माणसाचं शरीर निम्म्याहून अधिक पाण्याचं असतं आणि पाणी असल्या लहरी शोषून घेतं. रिकाम्या मंडपात माइक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये फक्त हवा असते. कीर्तन रंगात आलं की मध्ये टाळकऱ्यांच्या दोन रांगा, पखवाजवादक, विणेकरी आणि पुढे बसलेला अख्खा गाव येतो. माइक तोच, सेल तेच. वाढलेली असतात ती फक्त मधली माणसं.

आता तुम्ही लिहिलेली नाही, पण नक्की अनुभवली असेल अशी गोष्ट. आवाज तुटला आणि गायक एक पाऊल बाजूला सरकला, की आवाज परत येतो. लोकांना वाटतं आतली वायर सैल आहे, म्हणून ते माइकवर चापट्या मारतात. खरं कारण वेगळं आहे. रिसीव्हरपर्यंत एक लहर सरळ येते, दुसरी मंडपाच्या पत्र्यावर किंवा लोखंडी खांबावर आपटून, लांबच्या वाटेने येते. दोन वाटांमध्ये अर्ध्या लहरीचा, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरचा, फरक पडला की दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. त्या ठिकाणी माइक मुका होतो आणि वीतभर पलीकडे पुन्हा बोलू लागतो. याच्यावर उतारा म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना आणि आत प्रत्येकीचा वेगळा भाग असतो. एकीकडे लहर खोडली गेली तरी दुसरीकडे ती शाबूत असते आणि रिसीव्हर क्षणात तिकडचा आवाज घेतो. पण काही स्वस्त जोडांवर दोन दांड्या दिसतात त्या फक्त दोन माइकसाठी एकेक असतात. घेताना हे विचारून घ्या. दोन्ही अँटेना नुसत्या उभ्या किंवा आडव्या ठेवू नका. तिरप्या, इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा, म्हणजे गायकाने माइक कसाही कलता धरला तरी एक तरी अँटेना त्याला जुळते.

याहूनही जास्त फरक पडतो तो रिसीव्हरच्या जागेने. बहुतेक मंडपांत तो कुठे असतो ते आठवा : अँप्लिफायरच्या शेजारी, टेबलाखाली किंवा जमिनीवर, समोर लोखंडी पेटी आणि भोवती बसलेली माणसं. तोच रिसीव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर, सहा-सात फुटांवर एखाद्या स्टँडवर ठेवला की वाट मोकळी होते. तुकोबारायांच्या पालखीचं बेलवाडीतलं गोल रिंगण तुमच्याच तालुक्यातलं, तुम्ही पाहिलंच असेल. रिंगणाच्या मध्ये उभं राहून कोणी सूचना देत असेल आणि रिसीव्हर कड्याबाहेर जमिनीवर असेल, तर मध्ये माणसांची भिंतच उभी असते. तोच रिसीव्हर एखाद्या ट्रकच्या टपावर ठेवला, तर लहर त्या डोक्यांवरून जाते. नियम सोपा आहे. माइक धरणाऱ्याला रिसीव्हरची अँटेना डोळ्यांनी दिसली पाहिजे. आणि रिसीव्हर एलईडी माळांच्या पेटीपासून, इन्व्हर्टर आणि जनरेटरपासून चार हात लांब ठेवा. त्यांची खरखर तो पकडतो.

दुसरी चूक हाताची. अँटेना बहुतेक माइकच्या शेपटात असते. दांडा धातूचा असला तरी खालचं टोपण प्लॅस्टिकचं ठेवतात ते म्हणूनच, धातूतून लहर बाहेर पडत नाही. मूठ त्या टोपणावर आवळली की गायक स्वतःच्याच हाताने लहर अडवतो. काही जण उलट वरची जाळी मुठीत धरतात, आवाज भारदस्त होतो म्हणून. गाण्यासाठी बनवलेला माइक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, पण तो हे करू शकतो जाळीखालच्या मागच्या फटींमुळे. त्या फटी तळहाताने झाकल्या की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, भोंग्याचाही, आणि शिट्टी सुरू होते. कॉर्डलेस जास्त शिट्टी मारतो असा समज आहे, पण शिट्टीचा तारेशी काही संबंध नाही. भोंग्यातला आवाज माइकमध्ये आणि माइकमधला पुन्हा भोंग्यात, असा फेरा बसला की ती येते. तारेचा माइक स्टँडवर जागच्या जागी असतो. कॉर्डलेस हातात घेऊन गायक भोंग्यासमोर जातो, एवढाच फरक. म्हणून माइक मधोमध धरा आणि भोंगे गायकाच्या पुढे, लोकांकडे तोंड करून लावा.

आता मोबाइल. तुमचा साउंडवाला पूर्ण चुकीचा नाही, पण त्याचं म्हणणं सगळ्या माइकला लागू होत नाही. उत्तर मिळेल माइकच्या किंवा रिसीव्हरच्या मागच्या चिठ्ठीवर. तिथे ५०० किंवा ६०० च्या घरातले मेगाहर्ट्झ लिहिले असतील, तर लोकांच्या खिशातल्या मोबाइलचा त्रास जवळजवळ नाही. २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं असेल, तर गर्दीतले वायफाय, हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलत असतात, आणि माणसं वाढतील तशी अडचण वाढते. तिसरी शक्यता जुन्या जोडांची. ७०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा आता मोबाइल कंपन्यांकडे आहे. २०२२ च्या लिलावात जिओने तो घेतला आणि तिथे ५जी सुरू केलं. काही वर्षांपूर्वी निर्धास्त चालणारा त्या पट्ट्यातला माइक आज टॉवरच्या लहरीत बुडू शकतो. तिथे लोकांचे फोन बंद करून काही होणार नाही, टॉवर चालूच राहणार.

जाता जाता, ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या याच पट्ट्यात आपल्या जिल्ह्यातलं आणखी एक यंत्र कान लावून बसलेलं असतं. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी त्या टिपतात. त्या लहरी तुमच्या माइकच्या लहरीपुढे अगदीच क्षीण असतात, म्हणूनच रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा दुर्बिणीसाठी निवडली गेली. इंदापूरच्या माइकने तिचं काही बिघडत नाही, अंतर फार आहे.

लग्नाच्या आवाजाचं कोडं असं. स्वस्त जोड ठरलेल्या दोन-तीन फ्रिक्वेन्सींवरच बनतात, त्यामुळे दोन मंडपांत एकाच फ्रिक्वेन्सीचे माइक येणं सहज घडतं. तुमचा माइक चालू आणि जवळ असताना रिसीव्हर जोरदार लहरीलाच धरून राहतो आणि दूरची दाबली जाते. गायकाने माइक बंद केला की जागा रिकामी होते आणि मोकळ्या रानातून आलेली वस्तीवरची लहर आत शिरते. हे रोखण्यासाठी रिसीव्हरमध्ये स्क्वेल्च नावाची सोय असते. ते पाटावरच्या दाऱ्यासारखं काम करतं. ठरावीक जोराच्या खालची लहर आली तर दारं बंद, आवाज पुढे जात नाही. मागे बारीक स्क्रू किंवा बटण असेल तर ते थोडं वाढवा. फार वाढवलंत तर तुमच्याच माइकचा पल्ला कमी होईल. चांगल्या जोडांत याहून पक्की सोय असते. माइक आवाजासोबत कानाला ऐकू न येणारी एक खुणेची पट्टी पाठवतो आणि ती ओळख पटल्याशिवाय रिसीव्हर दारं उघडतच नाही. तुमच्याकडे ती नसेल, तर गायकाने माइक खाली ठेवताच मिक्सरवरचा त्याचा आवाज शून्यावर आणायची सवय साउंडवाल्याला लावा.

पुढेमागे तिसरा माइक घ्याल तेव्हा एक हिशेब लक्षात ठेवा. एक माइक ६००.० वर आणि दुसरा ६००.४ वर असेल, तर दोघांच्या लहरी मिसळून ६००.८ आणि ५९९.६ वर भुतासारख्या खोट्या लहरी उमटतात. तिसरा माइक सारख्या अंतराने ६००.८ वर बसवलात, तर तो स्वतःच्याच सोबत्यांच्या खरखरीत सापडतो. ६०१.१ वर ठेवा, तर तो सुटतो. म्हणून फ्रिक्वेन्सी समान अंतरावर नको, आणि वापरात नसलेले माइक चालू ठेवून एकमेकांना टेकवून ठेवायचे नाहीत.

सेलबद्दल. नवे म्हणजे कोणते, हा प्रश्न आहे. किराणा दुकानातले स्वस्त सेल घड्याळासाठी आणि रिमोटसाठी ठीक असतात, तिथे वीज थेंबाथेंबाने लागते. माइकला ती सलग लागते, आणि असे सेल तासा-दोन तासांत दम टाकतात. पाकिटावर ‘अल्कलाइन’ लिहिलेले पेन्सिल सेल घ्या. दोन सेलच्या चांगल्या माइकमध्ये ते साधारण सहा ते आठ तास टिकतात. आणखी एक गैरसमज असा, की सेल उतरला तर आवाज हळूहळू बारीक होईल. तसं होत नाही. आतलं सर्किट शेवटपर्यंत ताण सारखा ठेवतं आणि मग एकदम बंद होतं, म्हणून माइक भर अभंगात जातो आणि बिचाऱ्या गायकाला आधी काही कळत नाही. एक नवा आणि एक अर्धा वापरलेला सेल जोडीने टाकू नका, जोडी चालते ती दुबळ्याच्या जिवावर. चार्ज होणारे निकेलचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. ते उत्तम चालतात, पण माइकवरचा लाल दिवा त्यांना पाहून लवकर लागू शकतो. सप्ताहात रोज कीर्तनाआधी नवी जोडी टाकणं आणि काढलेली जोडी घरच्या टॉर्चला देणं हा सर्वांत कमी खर्चाचा विमा आहे. सेल नवे असूनही माइक हिसक्याने बंद पडत असेल, तर सेलच्या घरातली स्प्रिंग पाहा. ती दबलेली किंवा काळवंडलेली असेल. कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने घासली की पुरते.

राहिली निगा. माइक तपासायला त्यात फुंकू नका आणि त्यावर टिचकी मारू नका. फुंकरीबरोबर ओल पडद्यावर जाते, आणि भोंग्यातून निघणारा धप्पकन आवाज युनिटला हादरा देतो. दोन वाक्यं बोला, तेवढं पुरे. जाळी फिरवून निघते. तिच्या आतल्या स्पंजात थुंकी, बुक्का आणि धूळ साठते, आवाज बसल्यासारखा येतो तो यामुळे. जाळी आणि स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. पडद्याच्या भागाला पाणी नको, सॅनिटायझरचा फवाराही नको. माइक पडून जाळी चेपली असेल तर घाबरू नका, आतल्या पडद्याचा मार तिने स्वतःवर घेतला आहे. जाळी वेगळी विकत मिळते.

काल्याचं कीर्तन झालं की माइक पेटीत जातो तो थेट पुढच्या सप्ताहाला निघतो, आणि सेल आतच राहतात. वर्षभरात ते फुटून गळतात, आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. म्हणून पेटी बंद करण्याआधी सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी आधीच जमली असेल, तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसा, मग पाण्याने किंचित ओलसर केलेल्या बोळ्याने पुसा, आणि दिवसभर उघडं वाळवून मगच नवे सेल घाला.