एलिझाबेथ स्ट्राउट यांच्याकडून शिकलेलं

नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहिणाऱ्या बाईला सगळ्यात मोठी धास्ती असते ती उशीर झाल्याची. अमेरिकन कादंबरीकार एलिझाबेथ स्ट्राउट यांची पुस्तकं वाचता वाचता माझी ती धास्ती गेली. आणखीही बरंच हाती लागलं.

१. वय मोजत बसू नये. स्ट्राउट यांचा जन्म १९५६चा, मेन राज्यातल्या पोर्टलंडचा. लिहायचं वेड लहानपणापासूनचं. कायद्याची पदवी घेतली, पण वकिली मानवली नाही. पुढे न्यूयॉर्कला कम्युनिटी कॉलेजात शिकवलं, मुलीला वाढवलं. पहिली कादंबरी ‘एमी अँड इझाबेल’ १९९८ साली आली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. २००९ साली ‘ऑलिव्ह किटरिज’ला पुलित्झर मिळालं.

२. पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. त्या सुटे प्रसंग लिहितात. त्या दिवशी मनात जे ठसठसत असेल, ते एखाद्या पात्राच्या वाट्याला देतात. एकमेकांशी जुळणारे प्रसंग मग हळूहळू जवळ येतात. ऑफिसात गिळलेला राग मी असाच एका कथेतल्या घरमालकिणीला देऊन टाकला. ती बाई तिथून पुढे आपली आपणच बोलायला लागली.

३. नायिका गोड नसली तरी चालते. हा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ऑलिव्ह ही गणिताची निवृत्त शिक्षिका, धिप्पाड, फटकळ. मुलाच्या लग्नासाठी तिने मोठमोठ्या जिरेनियम फुलांच्या कापडाचा ड्रेस स्वतः शिवलेला असतो. आतल्या खोलीत जरा आडवी झालेली असताना नवी सून त्याच ड्रेसची टिंगल करताना तिला ऐकू येते. ती भांडत नाही. सुनेच्या कपाटातल्या स्वेटरवर मार्करने रेघ ओढते, एक ब्रा आणि एकच बूट उचलून पर्समध्ये टाकते. वागणं हलकंच, पण ते वाचताना माझा जीव तिच्यासाठी तुटला. लेखिकेने कुठेही तिची बाजू घेतलेली नाही, तिला दोषही दिलेला नाही.

४. गाव लांब गेलं की नीट दिसतं. मेनमधली क्रॉस्बी आणि शर्ली फॉल्स ही कल्पित गावं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये राहून उभी केली.

५. पात्रांना निरोप देण्याची घाई नको. ऑलिव्ह २०१९ मध्ये ‘ऑलिव्ह, अगेन’मध्ये परतली. त्यांची दुसरी नायिका लूसी बार्टन २०१६ पासून एकामागून एक पुस्तकांत येत राहिली. त्यातलं ‘ओ विल्यम!’ २०२२ साली बुकरच्या लघुयादीत होतं. २०२४ च्या ‘टेल मी एव्हरीथिंग’मध्ये या दोघी समोरासमोर बसून, कुणीच नोंद न घेतलेल्या माणसांच्या गोष्टी एकमेकींना सांगतात. त्या दोघींची ती बैठक मला मनापासून आवडते.

ज्यांनी अजून स्ट्राउट वाचलेल्या नाहीत त्यांनी ‘ऑलिव्ह किटरिज’पासून सुरुवात करावी. त्यातल्या तेरा कथा सुट्याही वाचता येतात, पण क्रमानेच वाचा. पहिल्या कथेत ऑलिव्हबद्दल होणारं मत शेवटच्या कथेपर्यंत टिकत नाही.