खुकरीचे पाते आणि पोलादाचे पाणी



5 मार्च 1945 चा दिवस. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, दुसऱ्या महायुद्धाची अखेरची लढाई चालली होती. तमांडू गावाजवळची एक टेकडी जपानी सैन्याने बळकावली होती. ती परत घ्यायला निघालेल्या गुरखा तुकडीत भानभक्त गुरुंग नावाचे एक तरुण रायफलमन होते. पुढचे चार खंदक त्यांनी एकट्याने काबीज केले आणि मशीनगनचा मारा करणाऱ्या एका बंकरच्या छपरावर ते चढले. हातबॉम्ब संपले होते. त्यांनी धुराचे दोन बॉम्ब आत टाकले. बाहेर आलेल्या दोघा शत्रुसैनिकांशी त्यांनी आपल्या खुकरीने सामना केला. आतली मशीनगन मात्र चालूच राहिली. तेव्हा ते सरपटत आत शिरले. आतली जागा इतकी अरुंद होती की तेथे खुकरी चालवता येईना. अखेर त्यांनी हाती दगड घेतला आणि मशीनगन थांबवली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हात तोच, खुकरीही तीच. उघड्यावर जी कामी आली ती आत निरुपयोगी का ठरली? याचे उत्तर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकात आहे. ते शोधण्यासाठी आधी खुकरीची नीट ओळख करून घेऊ.

धार म्हणजे काय?

खुकरी साधारण 40 सें.मी. लांब असते. पाते मध्यावर पुढच्या बाजूला वाकलेले असते आणि टोकाकडचा भाग रुंद, जड असतो. या भागाला आपण खुकरीचे पोट म्हणू. पात्याची पाठ चांगली जाड असते. ती 8 मि.मी. आहे असे समजू. धारेची जाडी 0.01 मि.मी. आहे असे धरू. आता 5 सें.मी. लांबीच्या भागाने आपण एका फांदीवर 50 न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे 5 किलोग्रॅम वजनाइतके, तर दाब किती पडेल?

दाब = बल ÷ क्षेत्रफळ.

पाठीने दाबले, तर क्षेत्रफळ 0.0004 चौ. मीटर आणि दाब 1 लाख 25 हजार पास्कल. हा वातावरणाच्या दाबापेक्षा थोडासाच जास्त आहे. धारेने दाबले, तर क्षेत्रफळ 0.0000005 चौ. मीटर आणि दाब 10 कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट! बल तेच, फक्त क्षेत्रफळ 800 पटींनी कमी झाले. म्हणूनच धारेपुढे लाकडाचे तंतू टिकत नाहीत. एकदा धार आत शिरली की जाड होत जाणारे पाते पाचरीसारखे काम करते आणि लाकूड दोन्ही बाजूंना फाकवते.

फिरवायला जागा हवी

फांदी तोडताना आपण पाते नुसते दाबत नाही, ते फिरवून आणतो. असे का? हिशेब करून पाहू. खुकरीचे वस्तुमान अर्धा किलोग्रॅम आणि आदळतानाचा वेग सेकंदाला 10 मीटर समजा. मग तिची गतिज ऊर्जा

½ × 0.5 × 10 × 10 = 25 ज्यूल.

ही खुकरी लाकडात 2 सें.मी. शिरून थांबली, तर लाकडावरचे सरासरी बल 25 ÷ 0.02 = 1250 न्यूटन होईल. सुमारे सव्वाशे किलोग्रॅमचे ओझेच त्या धारेवर ठेवल्यासारखे झाले!

हे 25 ज्यूल आले कोठून? अर्थात हाताने केलेल्या कार्यातून. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. हाताने खुकरीला 25 न्यूटन बल लावले आणि तिला 1 मीटर अंतर मिळाले, तर 25 ज्यूल जमा होतात. अंतर 20 सें.मी.च मिळाले, तर जमतात फक्त 5 ज्यूल. आता बंकरमधले कोडे सुटले ना? खुकरी स्वतःच हातभर लांब. ती उगारायची तर डोक्यावर आणि बाजूला मोकळी जागा हवी. तेथे ती नव्हती. हाताची ताकद आणि पात्याची धार दोन्ही कायम होती. ऊर्जा साठवायला लागणारे अंतर मात्र राहिले नव्हते. दगड मुठीत मावतो आणि त्याचे सगळे वस्तुमान हातापाशीच असते. त्याला खुकरीइतकी जागा लागत नाही.

खुकरीचे वजन पुढच्या भागात का ठेवलेले असते, हेही करून पाहता येईल. लाकडी फूटपट्टीला ओल्या मातीचा गोळा आधी मुठीजवळ लावा आणि ती हलवा. मग तोच गोळा टोकाला लावून हलवा. दुसऱ्या खेपेस पट्टी हलवायला जड जाईल, पण एकदा फिरू लागली की सहज थांबणार नाही. जड टोकाची खुकरी अशीच घाव पुढे रेटते. शिवाय क्रिकेटची बॅट आठवा. एका विशिष्ट जागी चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. एका टोकाशी धरलेल्या सरळ, सारख्या जाडीच्या काठीत ही जागा लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर असते. वजन पुढे नेले की ही जागाही पुढे, म्हणजे पोटाकडे सरकते. घावही बहुधा तेथेच पडतो.

विळी आणि घाटरस्ता

पाते वाकडे का? हे जाणून घ्यायला स्वयंपाकघरात जा. आईची विळीही वाकडीच असते. दुधी नुसता खाली दाबला तर अडतो. दाबतादाबता पुढे सरकवला की सहज चिरला जातो. घाटातला रस्ता सरळ डोंगरावर न चढता वळणे घेत जातो. चढायची उंची तीच, पण अंतर वाढल्याने चढण सौम्य होते. पात्यावर तिरकी सरकणारी वस्तूही पाचरीची तीच जाडी लांबच्या वाटेने चढते आणि कमी बलात चिरली जाते. खुकरीच्या बाकामुळे धार फांदीवर तिरकी पडते आणि घावातच हे सरकणे आपोआप घडते.

पाण्याची किमया

आता सर्वांत अवघड प्रश्न. धार टिकायची तर पोलाद कठीण हवे. पण कठीण पोलाद काचेसारखे ठिसूळ असते; जोराच्या घावाने त्याचे दोन तुकडे व्हायचे. चिवट पोलाद तुटत नाही, पण त्याची धार लगेच बोथट होते. सैनिकाला दोन्ही गुण हवेत, तेही एकाच पात्यात!

नेपाळातील लोहारांनी, ज्यांना तेथे कामी म्हणतात, यावर सोपी युक्ती काढली. पाते घडण्यासाठी आज ते बहुधा मालमोटारीच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरतात. घडलेले पाते लाल होईपर्यंत तापवतात. मग ते पाण्यात न बुडवता किटलीने फक्त धारेवर पाण्याची धार सोडतात. या क्षणात काय घडते? तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विखुरलेले असतात. धार एकाएकी थंड झाली की त्यांना बाहेर पडायला सवड मिळत नाही. ते अडकून पडतात आणि लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते. या अतिकठीण रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. पाठ मात्र सावकाश थंड होते. तेथे कार्बनला वेगळे व्हायला वेळ मिळतो आणि पोलाद चिवट राहते. धार कठीण, पाठ चिवट! आपले लोहारही याला ‘पाणी देणे’ म्हणतात. ‘पाणीदार पाते’ हा शब्दप्रयोग नुसता अलंकार नाही, हे आता पटेल.

खुकरीच्या म्यानात आणखी दोन छोटी पाती असतात. करदा हा बारीकसारीक कामांचा चाकू. दुसरे पाते बोथट. त्याचे नाव चकमक. गारगोटीवर घासून ठिणगी पाडायला आणि खुकरीची मुरडलेली धार सरळ करायला ते उपयोगी पडते.

करून पहा (शिक्षकांच्या उपस्थितीतच): शिवणकामाच्या दोन सुया चिमट्यात धरून बर्नरवर लाल करा. एक लगेच थंड पाण्यात बुडवा. दुसरी ज्योतीपासून हळूहळू दूर नेत थंड होऊ द्या. मग दोन्ही जाड कापडात गुंडाळून वाकवा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पहिली कट्‌कन मोडेल, दुसरी वाकेल. पोलाद तेच, फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा!

एकाच कामाचा चाकू

याच युद्धात ब्रिटिश कमांडो सैनिकांना निराळा चाकू दिला गेला. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी तो आखला आणि लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने 1941 पासून तो बनवला. पाते सडपातळ, दुधारी आणि सुईसारख्या टोकाचे. भोसकण्यासाठी ते उत्तम होते, कारण टोकाचे क्षेत्रफळ अत्यल्प. पण सैनिकाला डबे उघडायचे असतात, खोक्यांच्या फळ्या उचकटायच्या असतात. अशा कामात त्याचे टोक मोडे. पट्टीची जाडी निम्मी केली तर तिचा वाकण्याला होणारा विरोध निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पात्याला हा नियम महागात पडतो.

खुकरी एकदा म्यानातून काढली की रक्त प्याल्याशिवाय आत जात नाही, असे पुष्कळांनी ऐकले असेल. ती दंतकथा आहे. नेपाळच्या घराघरांत खुकरीने सरपण तोडतात, बांबू तासतात, भाजीही चिरतात. तीच वस्तू सैनिकाने कमरेला लावून रणांगणावर नेली. घरच्या नाना कामांसाठी घडलेले पाते युद्धातही टिकले, यात नवल ते काय?

भानभक्त गुरुंग यांना सैन्यात राहण्याचा आग्रह झाला. पण घरी वृद्ध विधवा आई आणि तरुण पत्नी होती. जानेवारी 1946 मध्ये सैन्य सोडून ते नेपाळला परतले.

विचार करा:

1. फिरवण्याचे अंतर एक चतुर्थांश झाले आणि बल तेच राहिले, तर खुकरीचा वेग किती पटीने कमी होईल?

2. संपूर्ण पाते पाण्यात बुडवून थंड केले, तर खुकरीत कोणता दोष येईल?

3. ऊस तोडण्याचा कोयता आणि घरची विळी यांची पाती तपासा. त्यांत वजन, बाक आणि पाठीची जाडी कशी राखली आहे? कारणे लिहा.