घाटातील फियाट

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट मोटार एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबाचे मोठे वैभव होते. पुढे तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; म्हणून दारी आलेल्या गाडीची निगा गोठ्यातील गाईप्रमाणे राखली जाई.

तिचे इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. त्याच्याभोवती खेळणारे पाणी उष्णता शोषून घेई व रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने निवे. परंतु भर उन्हाळ्यात पाच माणसे व सामानसुमान घेऊन बोरघाट चढताना वेग मंद आणि भार अधिक. मग पाणी उकळू लागे. जाणता चालक अशा वेळी गाडी कडेला उभी करी, पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडीत नसे. दाबाखालचे कढत पाणी झाकण सैल होताच उसळते आणि मनुष्य भाजून निघतो. गाडीतील मुलांना मात्र हा अर्धा तास युगासारखा वाटे!

उतार तर त्याहून कठीण. ब्रेक सारखा दाबून धरला, तर तो तापतो व त्याची पकड ढिली पडते. म्हणून चालक खालच्या गिअरातच घाट उतरे. मग इंजिनच गाडीला आवरून धरी.

या गाड्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईतील शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिची सेवा संपली.