चिठ्ठी, नशीब आणि न्याय : सामन्यांच्या तक्त्यातून गणित



जुन्नर-आंबेगावच्या शाळांत केंद्र, बीट, तालुका अशा पायऱ्यांनी कबड्डी-खोखोचे सामने होतात. हरून आलेली मुलं हमखास म्हणतात, "गुरुजी, पहिल्याच मॅचला तगडी टीम आली!" आपण म्हणतो, नशीब. पण हे नशीब मोजता येतं.

कृती : फळ्यावर आठ संघांचा बाद पद्धतीचा तक्ता काढा. सगळ्यांत ताकदीचा संघ क्र. १, त्याखालोखाल क्र. २. ताकदीचा संघच जिंकतो असं धरा. क्र. १ एका जागी बसवला की सात जागा उरतात. तीन त्याच्याच अर्ध्यात, चार दुसऱ्या अर्ध्यात. म्हणजे क्र. २ चा संघ फायनलआधीच बाद होण्याची शक्यता ७ पैकी ३! मुलांना वीस वेळा चिठ्ठ्या काढून नोंद ठेवू द्या.

यावर उपाय मानांकनाचा : १ विरुद्ध ८, २ विरुद्ध ७ असे सामने लावायचे आणि १ व २ वेगवेगळ्या अर्ध्यात ठेवायचे. पण हा क्रमांक कमवावा लागतो. प्रो कबड्डीत २०२३-२४ च्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत २२ सामने खेळला. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले. ९६ गुणांसह पहिली आलेली पुणेरी पलटण फायनलमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून विजेती ठरली.

क्रमांक असूनही अन्याय होऊ शकतो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये सामने विभागवार लागतात. २०१७ मध्ये ३० संघांत गुणांनी दुसरा पिट्सबर्ग आणि चौथा कोलंबस एकाच विभागात होते, म्हणून पहिल्याच फेरीत भिडले. कोलंबस घरी गेला, त्याच्यापेक्षा कमी गुणांचे संघ पुढे गेले.

आपल्याकडेही केंद्रातून एकच संघ पुढे जात असेल, तर हेच होतं. एका केंद्रात दोन चांगल्या शाळा असल्या, की एक बाहेर.

आणि दुबळ्या संघाचं काय? मानांकनात त्याच्या वाट्याला पहिलाच सामना सगळ्यांत तगड्याशी. आहुप्याच्या बाजूची वाडीवरची मुलं घाट उतरून येतात आणि एक मॅच खेळून परत जातात. बाद पद्धतीत आठपैकी चार संघांचं असंच होतं.

म्हणून आठ संघ असतील तर चार-चारचे दोन गट करून साखळी खेळवा. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत, एका गटाचा पहिला विरुद्ध दुसऱ्याचा दुसरा. सामने ७ ऐवजी १५ होतील, पण प्रत्येक मुलाला किमान तीन सामने मिळतील. वेळ कमी असेल तर डाव लहान करा, दोन मैदानं आखा.

नियम आधी सांगा, चिठ्ठ्या कर्णधारांसमोर काढा. हरलेल्या मुलाला आपण का हरलो हे कळलं पाहिजे, आणि ते कारण चिठ्ठी नसावं.

तुमच्या वर्गात वीस चिठ्ठ्यांचं उत्तर काय आलं, नक्की कळवा.